मीटर

माहीमला, शीतळादेवीच्या मागच्या गल्लीत
जिथं डिमेलो टेलर्स होतं
तिथं आता कॉफी मिळते.
पाटी जुनीच ठेवलीय. खाली खडूनं लिहिलंय,
‘शिवून मिळणार नाही.’

आत एकही खुर्ची दुसरीची बहीण नाही.
एक थिएटरातली, पाठीवर एफ-सतरा.
एक दातांच्या डॉक्टरची, तिच्यावर हेमांगी टेकते
आणि आपसूक आ वासते.
एक शाळेचा बाक, त्यावर कर्कटकानं कोरलेलं
‘गोम्स सर भोपळा.’
आमचं टेबल म्हणजे शिलाई मशीन.
ऋजुता पायटा हलवत राहते
आणि वर सगळ्यांच्या पेल्यांतलं पाणी हलतं.

पाचजण होतो.
हेमांगी, जिचे कागद कोर्टात अडकलेत,
जुबेदा, जिला आठ महिने भाड्यानं घर मिळत नाहीये,
मी, माझी ऋजुता,
आणि बाबा,
‘जरा पाय मोकळे होतील’ म्हणून उचलून आणलेले.

बाबांनी मेनू वाचला उजवीकडून,
आधी किंमत, मग पदार्थ.
‘माझ्या अब्बांसारखं,’ जुबेदा म्हणाली,
‘पण ते उर्दू वाचायचे.’
‘दोनशे ऐंशी. कितीजणांत?’
‘एकाला, बाबा.’
‘मग मला पाणी.’

आम्ही बोलत राहिलो. वकील, दलाल,
डिपॉझिट, ऋजुताचा पडका दात.
टोप्यांच्या खोक्यात एक मांजर झोपलेलं.
कधी उठले कळलंच नाही,
पाहते तर बाबा भिंतीपाशी,
कोळशाची इस्त्री आणि कुणाच्यातरी लग्नाचा फोटो
यांच्या मधे टांगलेल्या
काळ्या मीटरची काच रुमालानं पुसतायत.
मागे कुणी वही घेऊन उभं असावं
अशा आवाजात म्हणाले,
‘शून्य, चार, चार, सात, एक.’

सगळं दुकान वळलं.
काउंटरमागचा लॅन्सी हात पुसत आला,
‘अंकल, तो बंद आहे. शोसाठी लावलाय.’
‘चालू होता तेव्हाही हळूच चालायचा.
तीनदा लिहून दिलं होतं मी.
तुमचे कोण? आजोबा? डावरे होते.
कात्री खास डाव्या हाताची, कुणाला लावू द्यायचे नाहीत.
दर महिन्याला चहा मागवायचे. मी नाही घेतला.
चहा घेतला की आकडा गोड होतो.
मग पाणी द्यायचे, जर्मलच्या पेल्यात.
म्हणायचे, घ्या हो,
पाण्याचं मीटर दुसऱ्या खात्याचं.’

एकोणतीस वर्षं बेस्टमध्ये,
दुसऱ्यांच्या जिन्याखाली वाकलेले बाबा.
आम्हाला ठाऊक होती त्यांची टॉर्च,
संध्याकाळी मोरीत पाय धुतल्याचा आवाज,
‘कोण बसलंय त्या खोलीत? मग दिवा का?’
डिमेलो माहीत नव्हते.
डावी कात्री माहीत नव्हती.

लॅन्सीनं काही न विचारता कॉफी आणली,
वर फेसाचं पान.
‘ही माझ्याकडून, अंकल.’
‘छे.’
बाबांनी पाकीट काढलं.
शंभर, शंभर, पन्नास,
मग सुटे, एकेक करून, टेबलावर.
‘आता रिटायर झालोय. आता घ्यायला हरकत नाही.
पण पैसे घ्या.’
लॅन्सीनं मोजून घेतले. बरं केलं.

चमच्यानं पान मोडलं त्यांनी. प्यायले.
‘कडू आहे,’ म्हणाले,
आणि शेवटचा घोट बशीत ओतून,
फुंकर मारून, संपवला.
हेमांगी काहीतरी सांगत होती मघापासून,
ती थांबली, आणि हसायला लागली,
महिन्यांनी.

निघताना दाराशी नवा मीटर,
डिजिटल, लाल ठिपका लुकलुकणारा.
बाबांचा चष्मा घरीच राहिलेला.
त्यांनी ऋजुताला उचललं. कंबर धरत, पण उचललं.
‘वाच. डावीकडून.’
ती पडक्या दातातून हवा सोडत
एकेक आकडा म्हणत गेली,
सहा म्हणताना अडकली, पुन्हा म्हणाली,
आणि तिच्या पाठीवर
बाबा बोटानं लिहून घेत होते.